अक्कांचा हेवा आणि माझं दुखणं

मी मराठी चौथी शिकलेली बाई आहे, जोडाक्षरं चुकतील. चारचौघांत मला बोलता येत नाही. बोलायला लागले की मान खाली जाते आणि शब्द घशातच राहतात. लिहिताना समोर कुणी नसतं, म्हणून लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही. तरीही माझ्यासारखं होणाऱ्या एखादीच्या हाती हे पडलंच, तर तिनं शेवटपर्यंत वाचावं, आणि तिच्या घरातल्या माणसांनाही वाचून दाखवावं.

चीड

माझं दुखणं चिडीचं. ताप अंगाला हात लावला की कळतो, खोकला ऐकू येतो. चीड दुसऱ्याला दिसते ती आदळआपट झाल्यावर. मला मात्र सकाळी डोळा उघडल्यापासून ती अंगावर असायची. नव्या लुगड्याची खळ टोचते ना, तशी. यांच्या चहाच्या भुरक्याची चीड. शेजारणीच्या भांडी घासण्याची चीड. चूल पेटली नाही तर चुलीची, आणि पटकन पेटली तर आधी का नाही पेटली याची.

आम्ही चिंचवड गावात दोन खोल्यांत राहत होतो. हे पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात कामाला. कारखाना नवा, नोकरी पक्की. सायकलवर जायचे, सायकलवर यायचे. सुटीचा भोंगा झाला आणि त्यांच्या सायकलची घंटी वेळेवर ऐकू आली नाही, की माझ्या मनात एकच यायचं: हे गेले, आता येत नाहीत, दुसरं घर केलं. मग ते यायचे. "काय झालं?" म्हणून विचारलं तर मी दिवसभर बोलायची नाही. नाही विचारलं तर यांना माझं काहीच नाही म्हणून रडायची. सकाळी जे माणूस देवासारखं वाटायचं तेच दुपारी वैरी. मधलं काही मला जमायचंच नाही.

आणि हेवा. तो चिडीच्या पोटात असायचा. सगळ्यांत जास्त हेवा माझ्या थोरल्या जाऊबाईंचा. त्यांना मी अक्का म्हणते. त्या चाकणला, सासूबाईंजवळ राहतात. तिथं आमचं थोडं रान आहे, थोरले दीर ते बघतात. अक्का शिकलेल्या नाहीत, दिसायला साध्या, लग्नाला बारा-तेरा वर्षं होऊनही पोटी मूल नाही. लोक म्हणतील, त्यांचा काय हेवा करायचा? पण त्या खोलीत आल्या की खोली शांत व्हायची. मी आले तरी शांतच व्हायची. फरक हा की माझ्या वेळी सगळे दबकायचे आणि त्यांच्या वेळी सगळे सैल बसायचे. तो फरक मला रोज दिसायचा आणि रोज टोचायचा.

आमची मुलगी कमल तर त्यांच्या अंगाखांद्यावरच. चाकणला गेलं की ती माझ्याकडे ढुंकून बघायची नाही.

ओटी

कमल चार वर्षांची होती त्या संक्रांतीला आम्ही चाकणला गेलो. घरात ओट्या भरायला आळीतल्या सवाष्णी जमल्या होत्या. ताटात गहू, हरभऱ्याचे घाटे, गाजरं, उसाची कांडी, बोरं. मी कमलला तिळगुळाचा घास भरवायला गेले तर तिनं तोंड फिरवलं. अक्कांनी तोच घास पुढं केला, तिनं खाल्ला.

सगळ्या बायका हसल्या. एक म्हणाली, "आई कोण न् चुलती कोण, काय कळंना बाई."

हसण्यात वाईट काही नव्हतं, हे आता कळतं. तेव्हा माझ्या कानांत नुसतं घुं घुं झालं. मी कमलला उचललं, अक्कांच्या पदरात टाकलं, आणि पुढ्यातलं ओटीचं ताट तिच्यावर ओतलं. गहू, बोरं, गाजरं, सगळं. म्हणाले, "घ्या. भरली तुमची ओटी. ठेवा आता."

मला वाटलं होतं बायका ओरडतील, कुणीतरी मला धरील. कुणी ओरडलं नाही. आमच्याकडे पोर दुसरीला द्यायचं असलं तर ते असंच देतात: सवाष्णींसमोर, ओटीत घालून, वर धान्य घालून. मी ताट ओतलं ते चिडून. त्यांनी पाहिलं ते पोर दिलेलं. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. शेजारची म्हातारी म्हणाली, "धाकटीचं काळीज मोठं हाय. थोरलीचं रिकामं घर भरलं गं."

अक्कांनी पदर घट्ट धरला होता. कमलनं त्यातलं एक बोर उचललं आणि खायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी तिला घ्यायला गेले तर सासूबाई दारात आडव्या झाल्या. "न्हाई सुमन. भरल्याली ओटी माघारी घेतली तर थोरलीची कूस जल्माची जळती. पाच जणींनी बघितलंया."

"आत्याबाई, मी रागात होते."

"तू कवा रागात नसतीस?"

मी दारातूनच मागे फिरले. यांनाही आईपुढं बोलता आलं नाही. आम्ही दोघंच चिंचवडला परत आलो.

नाव नसलेला आजार

पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत. जेवण सुटलं. यांच्याशी भांडायची, मग त्यांचे पाय धरून बसायची. एक देवऋषी झाला, लिंबू उतरवले, अंगारा झाला. मी स्वतःला इजाही करून घेतली. कशी, ते लिहीत नाही; वाचणारीला त्याचा उपयोग नाही. तेव्हा कारखान्याच्या डॉक्टरांनी यांना बाजूला घेऊन पुण्याच्या मोठ्या इस्पितळात न्यायला सांगितलं. त्या इस्पितळाला लोक वेड्यांचं म्हणतात. आमच्याकडे पोरांना भीती घालायला त्याचं नाव घेतात.

तिथले डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी मला पुष्कळ विचारलं. मी लाजेनं निम्म्याची उत्तरं दिली नाहीत, ती यांनी दिली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "हे वेड नाही. नुसता तापट स्वभाव म्हणावा तर तसंही नाही. दोन्हीच्या हद्दीवरचं काहीतरी आहे. आमच्यातही याच्या नावाबद्दल एकमत नाही."

हे म्हणाले, "साहेब, हद्दीवरचं म्हणजे ठेवून घेणार का परत पाठवणार?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "थोडे दिवस ठेवतो. मग परत पाठवतो. बरं व्हायला वेळ लागेल, पण होतं."

मला त्या दिवशी भीती वाटली, लाजही वाटली. पण आणखी एक वाटलं ते इथं लिहिते. हे आजारपण आहे असं एका शहाण्या माणसानं म्हटलं, तेव्हा लहानपणापासून 'कजाग, आगलावी, तोंडाळ' म्हणून जी नावं माझ्या डोक्यावर होती ती जरा हलकी झाली.

हे निघाले तेव्हा मात्र मी फाटकाशी त्यांची बाही सोडेना. आया आल्या आणि बोटं सोडवली.

बायकांचा वॉर्ड

सकाळी घंटा, तोंड धुणं, अॅल्युमिनियमच्या मगात चहा. मग केस विंचरायला रांग. दुपारी धान्य निवडायला बसवायचे, नाहीतर चादरींना टाके घालायला. औषधानं जीभ जड व्हायची. कोपऱ्यातली एक बाई दिवसभर ओरडायची, आणि ती थांबली की आम्हाला जास्त भीती वाटायची.

हेवा तिथंही माझ्यासोबत आला. माझ्या शेजारच्या खाटेवर हमीदा होती. तिच्या नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तो दर रविवारी यायचा, कधी केळी, कधी बांगड्या. आमचे हे ओव्हरटाइम लागला की चुकायचे. एका रविवारी हे आले नाहीत, आणि सोमवारी सिस्टरनं रांगेत हमीदाचे केस आधी विंचरले. तेवढ्यावरून मी दोन दिवस हमीदाशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी ती माझ्या खाटेवर येऊन पाठमोरी बसली. म्हणाली, "राग कुणाचा आहे?"

मी चादरीची घडी घालत राहिले.

"माझा?"

"सगळ्यांचा."

"मग सोपं आहे की. रांग लावू आपण, एकेकाला बोलाव. माझा नंबर आधी घे, मला झोप आलीय." आणि तिनं फणी माझ्या हातात दिली. "तोवर डोकं विंचर माझं. सिस्टरचा हात लई जड आहे."

मी विंचरलं. तिचे केस दाट होते, माझे औषधानं गळत होते. त्याचाही हेवा वाटला. पण हात चालू होता तोवर तो हेवा आदळआपटीपर्यंत गेला नाही. एवढं मी तेव्हा ध्यानात ठेवलं.

दारात सांगायचं

गणपती झाल्यावर मला घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले होते, चीड यायची थांबणार नाही, ती आल्यावर काय करायचं ते शिका. पण काय करायचं?

पहिल्याच आठवड्यात मी यांच्या अंगावर पळी फेकली. कारण भाजीला मीठ कमी आहे असं ते म्हणाले. खरं कारण ते नव्हतं. आदल्या दिवशी चाकणहून निरोप आला होता की कमल आता अक्कांना आई म्हणते.

यांनी पळी उचलून ठेवली. चिमूटभर मीठ घेऊन भाजीत कालवलं. मग म्हणाले, "आमच्याकडं बाटल्या भरायची खोली हाय ना, तिच्या दारावर एक माणूस बसतो."

"मग?"

"आत जायच्या आधी आपणच त्याला सांगायचं, सर्दी हाय, खोकला हाय, गळू आलंय. लपवून आत गेलं तर समदा माल वाया. दारात सांगितलं तर कुणी बोलत न्हाई. त्या दिवशी भाईरचं काम देत्यात. खोकी उचल, आवार झाड. बरं झालं की परत आत."

"म्हणजे मी सर्दी?"

"तू न्हाईस. तुला झालीया."

मी पळी धुवायला घेतली.

"तू दारात सांग मला," ते म्हणाले. "आदळल्यावर नगं. आधी. मी भाईरचं काम देतो."

वाचायला हे सोपं वाटतं. माझ्यासारख्या लाजऱ्या बाईला 'मला चीड आलीय' हे तीन शब्द तोंडातून काढणं म्हणजे भर बाजारात डोक्यावरचा पदर काढण्यासारखं. पहिल्यांदा मी सांगायला म्हणून आले आणि सांगायच्या आधीच तांब्या आपटला. दुसऱ्यांदा सांगितलं, आणि यांनी "बरं" म्हटलं त्या 'बरं'चीच चीड आली. पण हळूहळू जमायला लागलं. हे कामावर असले तर मी उंबऱ्याला सांगायची. खरंच, उंबऱ्याकडे बघून मोठ्यानं म्हणायची. मग बाहेरचं काम: नदीवर धुणं, अंगण झाडणं, ओट्यावर बसून तांदूळ निवडणं. चीड उतरेपर्यंत आत यायचं नाही.

शेजारीण विचारायची, "काय गं सुमन, आज ड्युटी भाईर का?"

"व्हय."

"माझ्या घरचीबी एक बादली धुणं हाय. चीड मोठी आसंल तर घेऊन जा."

मला आधी तिचाही राग आला. मग हसू आलं. तिची बादली मी बऱ्याचदा धुतली.

कधी कधी जमायचं नाही. अजूनही जमत नाही. तवा फेकला आहे, दोन दिवस अबोला धरला आहे. पण पूर्वी चीड आली की मीच चीड व्हायची. आता ती आली हे मला कळतं, आणि कळल्यावर बाहेर जायला पायात थोडा जीव असतो.

हेव्याचं मात्र बाहेरच्या कामानं भागत नव्हतं. संध्याकाळी दिवा लावताना रोज वाटायचं, आत्ता अक्का तिला भरवत असतील. माझ्या मुलीचे केस त्यांच्या हातात असतील. नदीवरची सगळी धुणी धुतली असती तरी ते गेलं नसतं. कमल परत हवी होती, आणि ती कशी मागायची ते मला ठाऊक नव्हतं.

चाकणचं अंगण

उन्हाळ्याच्या तोंडाशी मी एकटीच चाकणला गेले. हे म्हणाले होते, "मी येतो." मी नको म्हणाले. नाशिक फाट्याला एस.टी. धरली आणि वाटेत सारखं मनात घोकत गेले की गोड बोलायचं, चिडायचं नाही, आणि कमलला मागायचं.

अंगणात कांद्याचा ढीग लागला होता. अक्का विळ्यानं पाती कापत होत्या. कमल शेजारी बसून छोटे कांदे वेगळे करत होती. ती मोठी झाली होती. तिनं मला पाहिलं आणि म्हणाली, "आई, चिंचवडच्या काकू आल्या."

कानांत पूर्वीसारखं घुं घुं सुरू झालं. समोर कांद्यांचा ढीग होता, आणि तो लाथेनं उधळायला पाय उचललाच होता. मी कवाडाला धरलं.

"अक्का, मी आत येत नाही अजून," मी म्हणाले.

"का गं? पाय दुखत्यात?"

"मला चीड आलीय."

"कुणाची?"

"तुमची."

अक्कांनी विळा बाजूला ठेवला. मला वाटलं आता आत जातील, सासूबाईंना हाक मारतील. त्या म्हणाल्या, "मंग तितंच बस. मीच येते भाईर. रडायचं आसंल तर रडून घे, कांद्याचं निमित्त हाय."

कवाडाबाहेर दगड होता त्यावर आम्ही दोघी बसलो. मी सांगितलं. मान खाली घालून, अडखळत, पण सांगितलं. ती तुम्हाला आई म्हणते. ती तुमच्या हातचं खाते. तुम्ही खोलीत आलात की माणसं सैल बसतात. मला तुमचं सगळं हवंसं वाटतं आणि ते तुमच्याकडे आहे म्हणून तुम्ही नकोशा वाटता.

अक्कांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "आन मला तुझी चीड येती."

"माझी?"

"जेवायला घालते मी, न्हाऊ घालते मी, तापात उशाला बसते मी. आन ही रुसली की कपाळाला आठी पडती ती तुझी. रोज सकाळी उठून तुझं त्वांड बघायचं. मला कसं वाटत आसंल?"

मला इतकी वर्षं वाटत होतं की हेवा एकट्या मला होतो. अक्कांच्या तोंडून तो ऐकून मी चिडायचीच विसरले.

त्या उठल्या, आत गेल्या आणि कमलची परकर-पोलकी फडक्यात बांधून घेऊन आल्या. ते गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. "ने हिला. तू येशील म्हणून रोज भ्या वाटतं. आज आलीस. ने एकदाची."

आतून सासूबाई ओरडल्या, "अगं थोरले, ओटीतलं माघारी देत न्हाईत."

"आत्याबाई, ओटी माझी हाय," अक्का म्हणाल्या. "भरली तवा मला कुणी इचारलं न्हाई. आता काय करायचं ते मी ठरवीन."

गाठोडं माझ्या मांडीवर होतं. कमल अक्कांच्या लुगड्यात तोंड खुपसून उभी होती. हेच मागायला मी आले होते. आणि माझ्या मनात त्या वेळी काय चाललं होतं ते खरं लिहिते: कमलला घेऊन एस.टी.त बसेन तेव्हा अक्का कवाडात उभ्या राहून बघतील, त्यांचं तोंड कसं होईल ते मला बघायचं होतं. त्यात कमल कुठं नव्हतीच. जिंकणं होतं.

"आज नको अक्का," मी म्हणाले. "दिली तेव्हा रागानं दिली. आज नेली तर रागानंच नेईन."

"मंग कवा?"

"शाळेच्या वेळी. तिला शाळेत घालायची आहे. चिंचवडची शाळा चांगली आहे. तोवर मी दर महिन्याला येत जाईन. तिला माझी सवय होऊ दे."

अक्कांनी कमलच्या केसांत अडकलेली कांद्याची पात काढली. मग म्हणाल्या, "सुटीत माझ्याकडं."

"सुटीत तुमच्याकडं."

गाठोडं परत आत गेलं. एस.टी.ला वेळ होता. मी विळा मागितला आणि त्यांच्या शेजारी बसून पाती कापल्या. कमलनं जरा वेळानं एक छोटा कांदा माझ्याही पुढ्यात ठेवला.

जून

जूनमध्ये अक्का स्वतः कमलला घेऊन चिंचवडला आल्या. चार दिवस राहिल्या. त्या चार दिवसांत मी किती वेळा बाहेरच्या कामाला गेले ते विचारू नका. माझ्याच चुलीपाशी बसून त्या कमलला भरवत होत्या आणि मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. शेजारीण म्हणाली, "तांदूळ संपले आता तुझे. माझी ज्वारी देऊ?"

पाचव्या दिवशी अक्का निघाल्या. हे त्यांना फाट्यापर्यंत पोचवायला गेले. कमल दारात उभी राहून ते वळणाआड जाईपर्यंत बघत होती. मग तिथंच खाली बसली आणि रडायला लागली. "आई, आई" करून. ती आई म्हणजे मी नव्हे.

माझ्या अंगात ते सगळं उठलं. तोंडावर आलं होतं, मी आहे ना तुझी आई, गप्प बस. पूर्वीची मी तिला गदागदा हलवून हे म्हणाले असते. किंवा तिच्यासोबत रडले असते आणि मग तिनंच मला समजावलं असतं.

मी तिच्याजवळ बसले. जवळ ओढलं नाही. नुसता हात पुढं केला. थोड्या वेळानं ती आपण होऊन सरकली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. माझ्या मांडीवर पडून ती अक्कांसाठी रडत होती. मला हेवा वाटत होता, खूप वाटत होता. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले आणि तिचं रडणं संपेपर्यंत तिला रडू दिलं.